एका खोलीपुरती ऊब

तर झालं असं, की गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही अकरा मोठी माणसं आणि एक तीन महिन्यांचं बाळ असे तळ्याकाठी राहायला गेलो.

मला तेव्हा मिनियापोलिसला ऑनसाइट येऊन सहाएक महिने झाले होते. मिनेसोटा म्हणजे दहा हजार तळ्यांचं राज्य. तसं तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच छापलेलं असतं. मोजणाऱ्यांनी मोजलंय, दहा एकरांपेक्षा मोठी तळी ११,८४२ भरतात. ऑफिसमधल्या स्थानिक माणसाला शुक्रवारी विचारा, वीकेंडला काय करणार? उत्तर ठरलेलं, "केबिनवर जाणार." केबिन म्हणजे तळ्याकाठचं सुट्टीचं घर. कुणाच्या आजोबांनी बांधलेलं, तर कुणी हौसेनं घेतलेलं. आमच्यासारख्यांनी भाड्यानं घ्यायचं.

आम्हीही घेतलं. तीन मराठी कुटुंबं, आम्ही चार-पाच सडेफटिंग, आणि एका मित्राची आई. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या नाशिकहून आल्या होत्या. आम्हा सगळ्यांच्या काकू. बाहेर उणे २४ सेल्सिअस, तळं गोठून त्यावर लोकांच्या गाड्या उभ्या, आणि आत लाकडाची मोठी शेकोटी पेटवलेली. पिठलं-भात झाला, मेंढीकोट झाला. हॉलच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट ७० दाखवत होता, म्हणजे आपले २१ अंश. एकदम झकास!

काकूंना आम्ही सगळ्यात चांगली खोली दिली होती. खालच्या मजल्यावर, अगदी टोकाची. शांत, स्वतंत्र बाथरूम, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून तळं दिसणारी. आम्ही पोरं वर माळ्यावर. रात्री बारा वाजता माळ्यावर इतकं उकडायला लागलं की आम्ही खिडकी किलकिली केली. उणे २४ मध्ये! पाणी प्यायला पहाटे चारला खाली उतरलो, तर स्वयंपाकघरात दिवा. काकू दोन स्वेटर, शाल, कानटोपी असा जामानिमा करून गॅसजवळ स्टुलावर बसलेल्या.

"काकू, एवढ्यात उठलात?"

"झोप झाली रे माझी. पहाटे उठायची सवयच आहे. चहा घेणार का तू?"

मी चहा घेतला. काकूंवर विश्वासही ठेवला. सकाळी त्यांची पिशवी आणायला त्या खोलीत गेलो तेव्हा टेबलावरच्या घड्याळात तापमानाचा आकडा दिसला. ४९. म्हणजे साडेनऊ सेल्सिअस. एकाच घरात, एकाच रात्री, आम्ही गरम होतंय म्हणून खिडकी उघडत होतो आणि साठीच्या काकू थंडीनं झोपू शकत नव्हत्या.

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"अरे, किती हौसेनं आलात सगळे. आणि मला वाटलं, अमेरिकेत थंडी असतेच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, शेवटी इंजिनिअर आहोत. अख्ख्या घराला एकच भट्टी, आणि तिला हुकूम देणारा थर्मोस्टॅटही एकच. तो हॉलमध्ये, शेकोटीच्या समोर. शेकोटीनं हॉल तापला, थर्मोस्टॅट म्हणाला "घर गरम आहे", आणि भट्टी बंद पडून राहिली. हॉलची गरम हवा उंच छताकडे चढली आणि तिथून माळ्यावर आम्हाला भाजत बसली. काकूंच्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या, वर दोन मोठ्या काचा. तिथली ऊब गळत राहिली आणि भरून काढायला कुणी आलं नाही. थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त हॉल माहीत होता. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या घराला मिळून एकच ग्लोबल व्हेरिएबल. आपण असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्ये पाणउतारा होतो. घरं मात्र शंभर वर्षं अशीच बांधली गेली.

त्या दिवशी आम्ही शेकोटी विझू दिली, काकूंचा बिछाना आतल्या खोलीत हलवला आणि जवळच्या दुकानातून विजेचा एक हीटर आणला. प्रश्न सुटला. पण परत आल्यावर मी जरा वाचायला बसलो. खोलीगणिक वेगळं तापमान ठेवायची कल्पना, म्हणजे इथले लोक ज्याला झोनिंग म्हणतात ती, सुचायला माणसाला इतका वेळ का लागला?

तर पहिला धक्का हा, की वेळ लागलाच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच सुचली होती, आणि तीही सुट्टीच्या घरातच.

धाकटा प्लिनी हा रोममधला वकील आणि बडा सरकारी अधिकारी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन ज्याच्यामुळे आपल्याला वाचायला मिळतं तोच हा. जन्म साधारण ६१ सालचा, गाव कोमो. हो, तेच कोमो तळ्याकाठचं. त्या तळ्यावर त्याची एक सोडून अनेक घरं होती. त्यातल्या दोन आवडत्या घरांना त्यानं 'ट्रॅजेडी' आणि 'कॉमेडी' अशी नावं ठेवली होती. एक उंच खडकावर, दुसरं पाण्याला टेकलेलं. हौस बघा!

पण आपल्या कामाचं त्याचं आणखी एक घर आहे. रोमपासून १७ रोमन मैलांवर, म्हणजे साधारण २५ किलोमीटरवर, समुद्राकाठी लॉरेंटमजवळ. शहरातली कामं आटपून संध्याकाळपर्यंत तिथे पोचता येतं, असं तो एका मित्राला पत्रात कौतुकानं कळवतो. वाचताना मला एकदम पुण्याहून शुक्रवारी लोणावळ्याला निघालेली मंडळी आठवली. त्या पत्रात तो घराची खोली न् खोली फिरवून दाखवतो. कुठल्या खोलीत सकाळचं ऊन येतं, कुठल्या ओवरीत उन्हाळ्यात कुठल्या बाजूच्या खिडक्या उघडायच्या, सगळं. एका दालनाची जमीन पोकळ आहे, भिंतीत नळ्या आहेत, आणि गरम हवा तिथून इकडे-तिकडे वाटली जाते. बागेच्या टोकाला त्यानं स्वतःसाठी एक वेगळा भाग बांधून घेतला होता, घरच्या गोंगाटापासून लांब. तिथल्या झोपायच्या खोलीला एक छोटीशी भट्टी जोडलेली, आणि मध्ये एक अरुंद झरोका. हवी तशी ऊब आत सोडायची, नको तेव्हा अडवायची.

एका खोलीसाठी एक झडप. झोनिंग म्हणजे दुसरं काय असतं?

रोमन लोकांची ही पद्धत अशी: विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलायची, बाहेरच्या बाजूला लाकडं जाळायची, आणि धूर व गरम हवा जमिनीखालून फिरवून भिंतीतल्या नळ्यांतून वर काढायची. सर्जियस ओराटा नावाच्या एका उद्योगी माणसानं 'टांगती' स्नानगृहं काढली, आणि अशी सोय केलेली घरं विकून पैसा केला, असं प्लिनीच्या मामांनी, म्हणजे थोरल्या प्लिनीनं, लिहून ठेवलंय. टांगती म्हणजे खालून तापवलेली, असा अर्थ बरेच जण लावतात. हा ओराटा ल्यूक्राइन तळ्यात कालवं वाढवायचा. थोडक्यात, तळ्याकाठचा बिल्डर!

आता खोच बघा. ही भट्टी आपोआप पेटत नसे. गुलाम पेटवत. त्याच पत्रात त्याच घराच्या एका बाजूच्या खोल्या गुलामांसाठी आणि मुक्त केलेल्या गुलामांसाठी आहेत असा उल्लेख येतो. जमीन तापवलेली दालनं, ऊब वाटणाऱ्या नळ्या हे वर्णन मालकाच्या आणि पाहुण्यांच्या भागाचं. म्हणजे तंत्र होतं, झडप होती, पण झडप कुणासाठी हा निर्णय तंत्राच्या बाहेरच झालेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पश्चिम युरोपात रोमन सत्ता गेली आणि तापवलेल्या जमिनीही बहुतेक ठिकाणी विस्मरणात गेल्या. उरली ती शेकोटी. शेकोटीत झोन आपोआपच असतो म्हणा: जवळ बसलेला भाजतो आणि मागे बसलेला कुडकुडतो. मग एकोणिसाव्या शतकात तळघरात कोळशाची भट्टी आली आणि वाफ किंवा गरम हवा घरभर खेळवायला सुरुवात झाली. दरम्यान १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं दोन धातूंच्या जोडपट्टीचं पेटंट घेतलं. तापलं की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते, आणि त्या वाकण्यानं झडप हलवता येते. 'थर्मोस्टॅट' हे नावही त्यानंच वापरलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर घर नव्हतं, कापडगिरण्या होत्या.

खोलीत थर्मोस्टॅट आणणारा माणूस निघाला मिनेसोटाच्या शेजारच्या विस्कॉन्सिनमधला. तेही तळ्यांचंच राज्य, आणि थंडीही तशीच. वॉरन जॉन्सन हा व्हाइटवॉटर इथल्या शिक्षकांच्या महाविद्यालयात प्राध्यापक होता. तेव्हा शाळा-कॉलेजात पद्धत अशी, की शिपाई तासातासाला प्रत्येक वर्गात येणार, तापमान बघणार, आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करणार. तोवर वर्ग एक तर गोठलेला, नाहीतर उकडलेला. शिवाय शिकवण्यात व्यत्यय तो वेगळाच. जॉन्सननं वैतागून एक विजेचं यंत्र बनवलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वर्गात तापमान बिघडलं की तळघरात घंटी वाजायची, आणि मग शिपायानं झडप हलवायची.

गंमत म्हणजे हे यंत्र ऑटोमॅटिक नव्हतंच. ते फक्त निरोप द्यायचं. पण तो निरोप वर्गागणिक वेगळा होता! जॉन्सनच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून 'इमारत किती गरम?' हा प्रश्न नव्हता, 'हा वर्ग किती गरम?' हा होता. १८८५ मध्ये त्यानं मिलवॉकीत कंपनी काढली, आणि १८९५ मध्ये पुढचं पेटंट घेतलं. यात प्रत्येक खोलीतला थर्मोस्टॅट दाबाखालच्या हवेच्या जोरावर त्या खोलीपुरती वाफेची झडप उघडबंद करायचा. शिपाई नाही, घंटी नाही. खोल्या अनेक, हुकूम अनेक, भट्टी एक. आज झोनिंग म्हणून जे विकलं जातं त्याचा सांगाडा तेव्हाच तयार होता.

मग घराघरात हे का पोचलं नाही? कारण घरात पोचला तो दुसरा थर्मोस्टॅट.

१८८५ मध्येच मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ नावाच्या माणसानं वेगळा प्रश्न घेतला. हा लहानपणी स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला. घरातल्या कर्त्या माणसाला थंडीत पहाटे उठून तळघरात जायला लागायचं, भट्टीची हवेची झडप उघडायला. बट्झच्या यंत्रात खोली गार झाली की थर्मोस्टॅट सर्किट जोडायचा, एक छोटी मोटर फिरायची, साखळी ओढली जायची, भट्टीची झडप उघडायची आणि निखारा फुलायचा. खोली तापली की उलट. साधं, स्वस्त आणि जुन्या भट्टीला लावता येणारं. १८८६ मध्ये त्याची कंपनी निघाली. ती पुढे हात आणि नावं बदलत १९२७ मध्ये इंडियानातल्या मार्क हनीवेलच्या कंपनीत विलीन झाली, आणि त्यातून आज जगाला माहीत असलेलं हनीवेल तयार झालं. १९५३ मध्ये त्यांनी हेन्री ड्रेफसनं डिझाइन केलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला, तो अमेरिकेतल्या भिंतीभिंतीवर दिसायला लागला.

बट्झचं यंत्र कौतुकाचं आहेच. पहाटे कुणाला तरी तळघरात उतरायला लागत होतं, ते थांबलं. पण त्यानं सोडवलेला प्रश्न भट्टीचा होता, खोल्यांचा नव्हता. झडप भट्टीला होती. त्यामुळे जिथे यंत्र टांगलं ती खोली 'घर' झाली. ती बहुतेक वेळा दिवाणखाना. म्हणजे पाहुणे येतात ती, आणि घरचा कर्ता बसतो ती. बाकीच्यांनी दिवाणखान्याच्या हवामानात राहायचं. रोममध्ये कुणीतरी ठरवून झडप स्वतःकडे ठेवली होती. इथे कुणीही काही ठरवलं नाही, तरी परिणाम साधारण तोच.

याच काळात एका बाईनं हा प्रश्न घराच्या बाजूनं पाहिला. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय संशोधक. २३ डिसेंबर १९१९ रोजी त्यांना गॅसच्या भट्टीचं पेटंट मिळालं. त्या काळी घराघरात कोळसा आणि लाकूड जळत होतं. पार्करबाईंच्या रचनेत अनेक छोटी गॅसची शेगडीसारखी एककं, प्रत्येकावर स्वतंत्र ताबा, आणि प्रत्येकाची गरम हवा घराच्या वेगवेगळ्या भागांत नेणारे डक्ट. घराच्या ज्या भागाला हवी त्या भागाला ऊब. त्यांचं डिझाइन जसंच्या तसं घराघरात बसलं नाही. पण पेटंटमधलं चित्र काढून बघा. पहाटे स्वयंपाकघर तापवायचं आणि दुपारी झोपायच्या खोल्या तापवायच्या नाहीत, हे त्या चित्रात सहज दिसतं.

आता तळ्याकाठी येऊ. सुरुवातीच्या केबिनना हा प्रश्नच नव्हता, कारण त्या फक्त उन्हाळ्यापुरत्या. ऑक्टोबर आला की पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, दारं लावायची, आणि मे महिन्यापर्यंत घर थंडीच्या हवाली करायचं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात अडकलं तर पाइपच फाडतं, म्हणून ते काढायचं. हळूहळू परिस्थिती बदलली. १९३५ नंतर सरकारी योजनेतून खेड्यापाड्यांत वीज पोचायला लागली, १९४० पासून आठवड्याचे चाळीस तास कामाचे असं कायद्यानं ठरलं, १९५६ नंतर मोठे हमरस्ते झाले. शनिवार-रविवार मोकळे, गाडी दारात आणि रस्ता चांगला. मग हिवाळ्यातही केबिनवर जायची इच्छा झाली. घरात भिंतींना इन्सुलेशन आलं, भट्टी आली, आणि भिंतीवर बट्झचा वंशज आला.

आणि इथेच त्याची लाज निघाली. शहरातलं घर चौकोनी ठोकळा असतं, रोज तीच माणसं आणि त्याच वेळा. तळ्याकाठचं घर मुद्दाम विचित्र बांधलेलं. पाण्याकडे पूर्ण काचेची भिंत, उंच छत, वर माळा, खाली उतारात खणलेलं तळघर. काचेतून दुपारी ऊन घुसतं आणि रात्री ऊब पळते. उन्हाळ्यात एसी लावला तर गार हवा खाली बसते, तळघरात स्वेटर घाला आणि माळ्यावर घामाघूम व्हा. शिवाय माणसांचा भरवसा नाही. आठवड्याचे पाच दिवस कुणी नाही, आणि शनिवारी बारा जण हजर. अशा घराला एक आकडा पुरेल कसा?

स्वस्तातला उपाय म्हणजे खोलीगणिक विजेचे हीटर, प्रत्येकाचा थर्मोस्टॅट वेगळा. बसवायला सोपे, पण बिल आलं की छातीत कळ. गरम पाणी फिरवणाऱ्या घरांत प्रत्येक भागाच्या पाइपला वेगळी झडप किंवा वेगळा पंप. गरम हवेच्या घरांत डक्टमध्ये मोटरवर फिरणारे पडदे, म्हणजे डँपर. प्रत्येक झोनचा थर्मोस्टॅट एका पॅनेलला आपली मागणी कळवतो, पॅनेल हवे ते डँपर उघडतं आणि भट्टीला हाक मारतं. आणि जपानमध्ये डायकिननं १९८२ मध्ये बाहेरच्या एकाच यंत्राला खोलीगणिक आतली यंत्रं जोडून प्रत्येकाला लागेल तेवढंच द्रव्य सोडायची पद्धत आणली. तिथे डक्टचीच भानगड मिटली.

यातली दोन-तीन कोडी मला प्रोग्रामर म्हणून फार आवडली. पहिलं: चारपैकी तीन डँपर बंद झाले तर पंख्याची सगळी हवा एका छोट्या डक्टमध्ये कोंबली जाते. आवाज होतो, भट्टी फाजील तापते, एसी असेल तर त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून पंख्याला आपला वेग कमी करता यायला हवा, आणि झोन फार लहान पाडून चालत नाही. (खोलीतली झरोक्याची जाळी हातानं बंद करून 'पैसे वाचवणाऱ्यां'नी हे जरूर वाचावं.) दुसरं: एप्रिलच्या दुपारी काचेचा हॉल म्हणतो गार कर, त्याच क्षणी तळघर म्हणतं गरम कर. भट्टी आणि एसी एकाच डक्टवर! मग पॅनेलनं कुणाचं आधी ऐकायचं? सरळसरळ शेड्युलिंगचा प्रश्न आहे हा. रांग लावावी लागते, थांबायची वेळ ठरवावी लागते, आणि एकच झोन कायम उपाशी राहणार नाही हे बघावं लागतं.

तिसरं कोडं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रिकाम्या खोलीला शून्य देता येत नाही. बाहेर उणे १० असताना आत २१ ऐवजी १३ ठेवले, तर फरक ३१ वरून २३ वर येतो, आणि ऊब जाण्याचा वेग साधारण चौथाईनं कमी होतो. एवढी बचत खुशाल करावी. पण त्याखाली गेलात की बाहेरच्या भिंतीतला पाइप एखाद्या रात्री फुटणार, आणि मग कार्पेट, जमीन सगळंच जाणार. म्हणून तिथे रिकाम्या घरातही ५५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १३ सेल्सिअस ठेवायचा सल्ला देतात. प्रत्येक झोनला, कुणी असो-नसो, एक किमान हक्क.

हिशेब केला आणि जरा ओशाळलो. त्या रात्री काकूंच्या खोलीत साडेनऊ होते. रिकाम्या घरातल्या पाइपला जेवढी ऊब देतात, तेवढीसुद्धा आम्ही काकूंना दिली नव्हती.

२०११ मध्ये नेस्ट आला आणि थर्मोस्टॅट फोनवर गेला. आता लोक शुक्रवारी ऑफिसमधून निघतानाच केबिनची भट्टी वाढवतात. काही थर्मोस्टॅटबरोबर दुसऱ्या खोल्यांत ठेवायचे छोटे सेन्सरही मिळतात. उत्तम आहे. पण नुसत्या सेन्सरनं भागत नाही. काकूंच्या खोलीत सेन्सर असता तर भट्टी पेटली असती खरी, पण सगळीकडेच, आणि माळ्यावर आम्ही पार भाजलो असतो. कळायलाही हवं आणि वळवताही यायला हवं. जॉन्सनच्या १८८३ च्या घंटीपासून १८९५ च्या झडपेपर्यंत जी बारा वर्षं गेली, ती या दोन गोष्टींमधलंच अंतर.

आपल्याकडे हा सगळा पसारा नाही, पण झोन आहेत. पुण्यात आमच्या घरी एसी एकच, आई-बाबांच्या खोलीत. मे महिन्यात रात्री साडेदहाला सगळे आपापल्या गाद्या घेऊन त्या खोलीत. बहीण, मी, सुट्टीला आलेली मावसभावंडं. हवा माणसांकडे नेता येत नाही तर माणसांनी हवेकडे जायचं. आजोळच्या घरात तर उन्हाळ्यात गच्चीवर आणि थंडीत माजघरात, असं अंथरूणच ऋतूबरोबर फिरायचं. तिथे कुणाला झोप लागत नाही हे सांगायला सेन्सर लागत नव्हता, शेजारच्या अंथरुणावरची कूस बदललेली कळायची. स्वतंत्र खोली मिळाली की ते कळणं बंद होतं. आम्ही काकूंना मान म्हणून टोकाची खोली दिली, आणि त्याच मानामुळे त्यांचं कुडकुडणं आमच्यापर्यंत पोचलं नाही.

काकू एप्रिलमध्ये नाशिकला परत गेल्या. फोनवर म्हणाल्या, "इथे चाळीसच्या वर गेलंय रे. त्या खोलीची फार आठवण येते!" आणि खळखळून हसल्या.

यंदा हिवाळ्यात पुन्हा केबिनवर गेलो. जाताना पाच स्वस्तातले थर्मामीटर घेतले आणि पोचल्याबरोबर खोलीगणिक एकेक ठेवला. मित्रांनी यथेच्छ टिंगल केली. रात्री झोपायच्या आधी सगळ्या खोल्यांत चक्कर मारून आकडे बघितले, आणि प्रत्येकाला विचारलंही, थंडी वाजत नाही ना? कारण काही माणसं आकडा सांगत नाहीत. ती चहा घेणार का विचारतात.

असो. रविवार संपला. उद्या सकाळी आठला कॉल आहे, आणि माझी खोली आत्ता १७ वर आहे. रजईत शिरतो.